विकतचे भय

आपल्या भाषेत ‘विकतचे दुखणे’ असा एक शब्दप्रयोग आहे. तो ज्याच्या वाट्याला येतो त्याची कीव कोणी करीत नाही. आजारी माणसाकडे शेजारी मोसंबी घेऊन जातात. विकतचे दुखणे घेणाऱ्याला ‘बरी खोड मोडली’ एवढेच ऐकावे लागते. या दोन शब्दांमागे एक सबंध नीतिशास्त्र उभे आहे. दैवाने दिलेली संकटे थोडी का आहेत, म्हणून माणसाने पदरमोड करून आणखी आणावीत, असे ते विचारते. ज्या पिढ्यांनी दुष्काळ पाहिले, पटकीच्या साथी पाहिल्या, नदीचा लोंढा उंबरठ्यापर्यंत आलेला पाहिला, त्यांनी असे विचारावे यात नवल ते काय?

माझी थोरली बहीण याच मताची. तिच्या मुलाने नेपाळात जाऊन खळाळत्या नदीत कयाक चालवायला शिकायचे ठरविले, तेव्हा ती फार बोलली नाही. “पैसे देऊन भिऊन यायचं, हे कुठलं शहाणपण?” एवढेच म्हणाली, आणि मला त्याच्याबरोबर धाडले. मास्तर काठावर उभा असला म्हणजे नदी वचकून राहील, अशी तिची समजूत असावी.

तिच्या प्रश्नाला मी त्या वेळी उत्तर दिले नाही. आजही पुरते देता येईल असे नाही. परंतु त्रिशूलीच्या काठी काढलेल्या पाच दिवसांत त्या प्रश्नाचे तोंड मात्र माझ्यापुरते दुसरीकडे वळले. भय विकत घ्यावे की न घ्यावे, याहून ते विकतो कोण, हा प्रश्न मला अधिक अडचणीचा वाटू लागला.

२०२२ सालची आमची भाऊबीज आटोपून आम्ही निघालो. काठमांडूहून पश्चिमेला जाणारा पृथ्वी महामार्ग डोंगर उतरून त्रिशूलीच्या काठाला लागतो, आणि मग कोसचे कोस रस्ता व नदी एकमेकींचा हात सोडत नाहीत. वाटेत मलेखू लागते. तेथे तळलेल्या नदीच्या मासळीची ताटे रस्त्यावर मांडलेली असतात. शंकराने गोसाईंकुंडापाशी त्रिशूळ मारून हे पाणी काढले, असे तिकडे सांगतात. नदी येते मात्र पलीकडून, तिबेटातून. पुढे देवघाटला ती काळी गंडकीला मिळते, नारायणी होते, आणि बिहारात गंडक या नावाने गंगेला जाऊन भेटते. पावसाळ्यात ती मातकट असते. आम्ही गेलो तेव्हा गाळ बसून पाण्याला शेवाळी-करडा रंग आला होता, आणि त्यात हात घातला की बर्फाची आठवण येत होती.

कयाक ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ही होडी नव्हे, हा अंगरखा आहे. एक माणूस कमरेपर्यंत तीत शिरतो, गुडघे आतून दाबून बसतो, आणि कमरेभोवतीचा रबरी घागरा होडीच्या तोंडाच्या काठावर ताणून बसवतो, म्हणजे आत पाणी शिरत नाही. हातात दोन्ही टोकांना पाते असलेले एकच वल्हे. माणूस कलला की होडी कलते, माणूस उलटला की होडी उलटते, आणि मग डोके खाली, नदी वर. तेथून वल्ह्याचा एक फटका व कमरेचा एक झटका देऊन पुन्हा सुलटे व्हायचे, ही त्या विद्येची मुळाक्षरे. ज्याला ते साधत नाही त्याने घागऱ्याची पट्टी ओढून बाहेर निघायचे. आम्हांला शिकविणारा तरुण तिशीच्या आतबाहेरचा होता. पहिल्या दिवशी डोहाच्या शांत पाण्यात त्याने मलाही बसविले आणि म्हणाला, “सर, मी उलटवतो. आत गेल्यावर तीन आकडे मोजा, मगच पट्टी ओढा.” मी तीन मोजले. आयुष्यभर मुलांना पाढे शिकविले, पण तीन हा आकडा एवढा लांब असतो हे मला ठाऊक नव्हते.

त्याच्या कपाळावर उभा सप्तरंगी टिळा होता. आदल्या दिवशी नेपाळातली भाऊबीज, भाइटीका, झाली होती. बहीण भावाभोवती तेलाची धार धरून फिरते, त्याच्या आयुष्यासाठी अक्रोड फोडते. त्या तेलाची रेघ यमाला ओलांडता येत नाही, अशी श्रद्धा. आपली यमद्वितीया तीच, यम आणि यमुना तेच. दोन दिवस नदीत बुडून वर येताना त्याच्या टिळ्यातला एक एक रंग जात होता, आणि तिसऱ्या दिवशी फक्त पिवळा उरला होता.

आता या कयाकची कुळकथा पाहू. ती खेळासाठी जन्मली नाही. ग्रीनलंड आणि उत्तर ध्रुवाकडचे इन्युइट लोक लाकडाच्या वा हाडाच्या सांगाड्यावर सीलचे कातडे शिवून ती बांधीत आणि तीत बसून सीलची शिकार करीत. सील मिळाला तर घरात दिवा, जेवण आणि कपडा. नाही तर काहीच नाही. त्या पाण्यात पोहता येऊन फारसा उपयोग नसे, कारण बुडण्याआधी गारठाच माणसाला संपवी. म्हणून उलटलेल्या होडीतून न निघता तिच्यासकट सुलटे होण्याची युक्ती निघाली. मुलगा शिकारी होण्याआधी ती शिकत असे. पुढे १९२७ साली ऑस्ट्रियात एदी पावलाता याने ती युक्ती साध्य केली, आणि युरोपात ती पहिल्याने साधणारा म्हणून त्याचे नाव घेतात. जिनो वॉटकिन्स हा इंग्रज तरुण तर ग्रीनलंडला जाऊन तेथल्या लोकांकडूनच कयाक शिकला. १९३२ साली आपल्या तुकडीला अन्न मिळावे म्हणून तो एकटा सीलच्या शिकारीला गेला. त्याची कयाक तरंगताना सापडली, तो सापडला नाही. वय पंचवीस. त्याचे मरण हौसेच्या हिशेबात धरावे की गरजेच्या, हे मला ठरविता आलेले नाही. गेला होता हौसेने. पण ज्या दिवशी मेला त्या दिवशी तो चार माणसांच्या जेवणासाठी पाण्यात होता.

एवढे खरे की, गरजेची वस्तू हळूहळू हौसेची झाली. आपल्याकडे हे नवे नाही. धनुष्यबाण, घोडा, पोहणे, सर्वांचे असेच झाले. पण त्रिशूलीच्या काठी मी चक्र आणखी एक फेरा फिरलेले पाहिले. ग्रीनलंडची गरज युरोपची हौस झाली, आणि ती हौस हिमालयात येऊन एका डोंगरी शेतकऱ्याच्या मुलाची पुन्हा गरज झाली. माझा भाचा ज्या पाण्यात आनंदासाठी उतरत होता, त्याच पाण्यात त्याच्या पुढे दहा हातांवर तो तरुण घरच्या किराण्यासाठी उतरत होता. पाणी एकच, त्याला दोन नावे.

शौर्य म्हणतात ते यांपैकी कोणात होते? तत्त्वज्ञानाचे पद्धतशीर शिक्षण मला मिळालेले नाही, पण ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचा तिसरा भाग मी भाषांतरातून वाचला आहे, आणि त्यात या प्रश्नाला धरून दोन गोष्टी आहेत. एक अशी की ज्याला कशाचेच, भूकंपाचे किंवा लाटांचेही, भय वाटत नाही, त्याला तो शूर म्हणत नाही. वेडा किंवा बधिर म्हणतो. दुसरी अशी की समुद्रावर खलाशी निर्धास्त असतात ती त्यांच्या अनुभवाची आशा असते. शूराचे धैर्य निराळे. हा निवाडा मला पूर्वी पटत असे. त्या तरुणाला पाहिल्यापासून पटत नाही. त्याला अनुभव होता म्हणून तो निर्धास्त होता, असे मुळीच नव्हते. त्याला भय वाटत होते, पण ते नेमके वाटत होते. भाच्याला सगळी नदी भयंकर दिसे, किंवा चांगला दिवस असेल तर सगळी नदी सोपी दिसे. त्या तरुणाला मात्र नदीतली एक जागा भयंकर दिसे: दगडावरून कोसळलेले पाणी तळाशी जाऊन जेथे पुन्हा मागे वळते, आणि तीत सापडलेली वस्तू गिरणीत सापडल्यासारखी गोल फिरत राहते, ती जागा. तेथे बोट दाखवून तो म्हणे, “ही नको. बाकी सगळी आपली.”

भय इतके नेमके करणे हे मोठे शिक्षण आहे, आणि विकत घेतलेल्या भयाची बाजू घ्यायची झाली तर मी ती याच मुद्द्यावर घेईन. आमच्या मुलांना परीक्षेचे भय असते, चारचौघांत बोलण्याचे असते, बापाचे असते. सगळी भये मोघम. ‘काय होईल?’ एवढेच त्यांना ठाऊक, कोठे होईल आणि आपण त्या वेळी काय करू हे ठाऊक नाही. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांच्या यादीत अभय पहिले येते. त्याचा अर्थ भयाचा अभाव असा न घेता भयाची ओळख असा कोणी घेतला, तर पंडित रागावतील. पण नदीकाठी मला तोच अर्थ दिसत होता.

चौथ्या दिवशी पाणी चढले. वर कोठे तरी पाऊस झाला असावा. नदी दगडांवरून फेसाळत उतरते त्या जागांना मी येथे खळाळ म्हणतो. जगभर त्यांना एक ते सहा अशी इयत्ता लावतात. मजा अशी की नदीची इयत्ता पाण्यावर बदलते; काल तिसरीत असलेला खळाळ आज चौथीत गेलेला असतो, आणि आमच्या शाळेत असे कधी होत नाही. त्या दिवशी एका वळणाआधी तो तरुण काठाला लागला, खडकावर चढून बराच वेळ पाहत उभा राहिला, आणि म्हणाला, “आज येथून चालत.” भाचा हिरमुसला. कोलाडला कुंडलिकेतून दोनदा रबरी होडीतून गेल्यामुळे त्याला थोडा गर्व होता. पण त्याने मुकाट्याने कयाक खांद्यावर घेतली. तिघेही आम्ही काठच्या गोट्यांवरून ठेचकाळत दोनशे पावले चाललो. वर रस्त्यावरून जाणारे ट्रक भोंगे वाजवीत होते.

मागून एक मोठी रबरी होडी आली. तीत सहा पर्यटक आणि त्यांचा वाटाड्या. तोही काठाला लागला, त्यानेही तेच सांगितले. तेव्हा त्यांच्यातला एकजण, सुशिक्षित दिसणारा, चढ्या आवाजात म्हणाला, “आम्ही याच खळाळाचे पैसे भरले आहेत. आमचा जीव आहे, जबाबदारी आमची.” हवे तर लिहून देतो, असेही म्हणाला.

हा युक्तिवाद सामान्य नाही, आणि त्या गृहस्थाला ठाऊक असो वा नसो, त्याच्या पाठीशी जॉन स्टुअर्ट मिल उभा होता. मिलने १८५९ साली स्वातंत्र्यावर जो ग्रंथ लिहिला त्यात एका मोडकळलेल्या पुलाचे उदाहरण आहे. पूल धोक्याचा आहे हे ठाऊक नसताना कोणी त्यावर पाऊल टाकीत असेल तर त्याला धरून मागे ओढावे, कारण नदीत पडण्याची त्याची इच्छा नाही. पण पूल पडेलच अशी खात्री नसेल, नुसता धोका असेल, तर त्याला धोक्याची कल्पना द्यावी आणि पुढचे त्याच्यावर सोडावे. शाळेत वर्ग सांभाळणाऱ्या माझ्यासारख्यालाही हा विचार मोलाचा वाटतो. मोठ्या माणसाला मुलासारखे वागविणे हा त्याचा अपमान आहे.

तरीही मिलच्या त्या पुलाचे चित्र डोळ्यांसमोर आणा. त्यात एकच माणूस आहे. तो पडला तर त्याच्यामागून उडी टाकणारा कोणी मिलने काढलेलाच नाही. खऱ्या नदीत तो असतो. माइक जोन्स हा इंग्रज डॉक्टर १९७६ साली एव्हरेस्टच्या पायथ्याची दूधकोशी कयाकने उतरला. त्या प्रवासाने तो जगभर गाजला. दोन वर्षांनी काराकोरममधल्या ब्राल्दू नदीत आपला सोबती अडचणीत आहे असे पाहून तो त्याच्या मदतीला गेला आणि बुडाला. त्याने स्वतःसाठी घेतलेल्या धोक्यात तो मेला नाही, दुसऱ्यासाठी घ्याव्या लागलेल्या धोक्यात मेला. जोन्स निदान सोबती होता. त्या सहा जणांपैकी कोणी होडीतून उडाला असता तर त्याच्यामागे जो गेला असता, तो पगारी होता. त्याने कोठे काही लिहून दिले नव्हते, आणि त्याच्याकडून कोणी मागितलेही नव्हते. ‘आमचा जीव’ या दोन शब्दांत त्याचा जीव बिनबोभाट मोजला गेला होता. शिवाय घरी ज्या बहिणीने तेलाची रेघ ओढली होती तिचा हिशेब कोणी धरायचा, हे मिलही सांगत नाही.

त्या संध्याकाळी शेकोटीपाशी मी त्या तरुणाला एक प्रश्न विचारला. खरे तर तो मला दोन दिवस छळत होता. त्रिशूलीच्या पलीकडच्या काठावर गावे आहेत, आणि पूल लांब लांब. लोक पूर्वी जागोजाग तुइनवरून नदी ओलांडीत: एक तारेचा दोर, त्याला कप्पीने लटकवलेली फळी किंवा पेटी, आणि हातांनी ओढत पलीकडे जायचे. शेतकरी भाजीच्या पाट्या घेऊन त्यावरून हमरस्त्याला येत, मुले शाळेत जात. बोटे कप्पीत चिरडत; दोर तुटून माणसे नदीत गेली आहेत. २०१५ नंतर सरकारने तुइन काढून झुलते पूल बांधण्याचा कार्यक्रम घेतला आणि बरेच पूल झालेही. आमच्या तरुणाचे लहानपण पूल होण्यापूर्वीचे. मी म्हणालो, “तू शाळेसाठी तारेला लोंबकळत ही नदी ओलांडलीस. आणि आम्ही विमानाने येऊन त्याच नदीत घाबरण्याचे पैसे देतो. तुला आमची चीड येत नाही?”

तो हसला. मला वाटले, गिऱ्हाईक म्हणून टाळील. पण थोड्या वेळाने म्हणाला, “चीड नाही, सर. तुइनवर मी रोज भीत होतो. चार वर्षे गेलो तरी भीती कमी झाली नाही. तेथे हातात काय आहे? दोर दुसऱ्याने बांधलेला. कयाकमध्ये हातात वल्हे आहे.” मग लाकूड पुढे सारीत म्हणाला, “आणि येथे मी ‘आज नको’ म्हणू शकतो. शाळेला तसे म्हणता येत नव्हते.”

मी हौस आणि गरज अशी रेघ ओढून बसलो होतो; त्याने ती पुसून दुसरी ओढली. हातात वल्हे आहे की नाही, आणि ‘नको’ म्हणता येते की नाही. पुढे १२ जुलै २०२४ च्या पहाटे याच नदीकाठच्या मुगलिंग-नारायणगढ रस्त्यावर सिमलताल येथे दरड कोसळून दोन बसगाड्या त्रिशूलीत गेल्याची बातमी वाचली. साठाहून अधिक माणसे होती. आमच्या महाडजवळ २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या वेळचा पूल वाहून गेला आणि दोन एस.टी. गाड्या अंधारात गेल्या, तेव्हाही असेच झाले होते. त्या माणसांनी धोका विकत घेतला नव्हता. तिकीट घेतले होते. ज्यांच्या हाती ना वल्हे ना नकार, त्यांच्या शेजारी उभे राहिले म्हणजे आमच्या धैर्याच्या गप्पा फार बारीक आवाजात कराव्याशा वाटतात. पण गप्पच बसावे, हौसेने नदीत उतरूच नये, असे मात्र त्या तरुणाचे ऐकल्यावर मला म्हणवत नाही. आम्ही गेलो नसतो तर त्याच्या हातात वल्हे आले नसते. गेलो म्हणून मात्र त्याचा नकार महाग होता.

कारण त्या दिवशीच्या नकाराची किंमत मी पाहिली. त्या सहा जणांचा वाटाड्या आणि आमचा तरुण एकाच मालकाचे नोकर होते, आणि खळाळ टाळण्याचा निर्णय आधी आमच्या तरुणाचा, असे मालकाला कळले होते. जेवण चालू असताना फोन आला. बोलणे नेपाळीत झाले. पण बोलणी खाणाऱ्याचा चेहरा सर्व भाषांत सारखा असतो. “हजुर, हजुर” म्हणून त्याने फोन ठेवला आणि भाच्याच्या ताटात आणखी भात वाढला. भाचा मला हळूच म्हणाला, “मामा, उद्या तुम्ही मालकांशी बोला ना. आपण खूश आहोत म्हणून सांगा.” मी दुसऱ्या दिवशी बोललो. मालक अगदी सौजन्याने बोलले. गिऱ्हाइकाशी बोलतात तसे.

पाचव्या दिवशी आम्हांला परतीची बस धरायची होती. पहाटे जाग आली तेव्हा तो तरुण पाण्याच्या काठाशी उकिडवा बसला होता. आदल्या रात्री पाणी जेथपर्यंत होते तेथे त्याने एक पांढरा गोटा ठेवला होता. गोटा आता पाण्याखाली होता. वर दोन बोटे पाणी वाहत होते. रस्त्यावर एक गाडी थांबली. आठ जण उतरले, लाइफ जॅकेटे आधीच अंगात घातलेले, हसत, एकमेकांचे फोटो काढीत. तो उठला, ओले हात पँटला पुसले, आणि त्यांना सांगायला चढण चढू लागला.